तिसऱ्या-चौथ्या सेलमधला सांधा

जहाजावरची नोकरी सुटली तेव्हा मला बत्तिसावं लागलं होतं. मंदीची वर्षं होती. कंपनीने निम्म्या बोटी गोदीत बांधून ठेवल्या आणि आमच्यासारख्यांच्या हातात कागद दिले. मी बोटीवर वायरमनचा मदतनीस होतो. बोटीच्या पोटात एका खोलीत काचेच्या भांड्यांतल्या बॅटऱ्या रांगेने मांडलेल्या असत. डायनामो बंद पडला तर बिनतारी यंत्र आणि मोजके दिवे त्यांच्यावर चालत. त्या रांगा पुसायच्या, त्यांत पाणी घालायचं, कुठल्या भांड्याचा जोर कमी झालाय ते शोधायचं, हे माझं नऊ वर्षांचं काम. आगबोटीतून पडावात आणि पडावातून रत्नागिरीच्या मांडवी धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा जवळ एक पत्र्याची ट्रंक होती, आणि तिच्यात कपड्यांत गुंडाळलेला एक व्होल्टमीटर.

रत्नागिरीत तेव्हा घरात वीज ही गोष्ट ऐकिवातली होती. पण बॅटऱ्या यायला लागल्या होत्या. सर्व्हिस मोटारी धावत होत्या, त्यांच्या बॅटऱ्या होत्या. एका वकिलांकडे रेडिओ आला होता, तो बॅटरीवरच बोले. आणि ती उतरली की भरायला कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागे. भाताच्या गिरणीवाल्याकडे ऑइल इंजिन होतं. मी त्याला म्हटलं, "तुमच्या पट्ट्यावर मला मोटारीतून काढलेला एक जुना डायनामो फिरवू द्या." तो म्हणाला, "इंजिन तसंही फिरतंच आहे." गिरणीच्या मागच्या पडवीत त्याने मला जागा दिली. भाताचा कोंडा उडू नये म्हणून मी मध्ये गोणपाटाचा पडदा बांधला आणि काम सुरू केलं.

घरी बायकोला हे काम पसंत नव्हतं. ॲसिडचा थेंब कपड्यावर उडाला की त्या दिवशी काही दिसत नसे. धुऊन वाळत घातलं की तिथे भोक. माझं एक धोतर तिने दोन्ही हातांनी उजेडात धरलं आणि म्हणाली, "ह्यातून आता रवा चाळायला हरकत नाही." पण पावसाळ्यात तीच परातीवर स्वच्छ काचेची बरणी ठेवून उघड्यावरचं पाणी धरी. बॅटरीत विहिरीचं पाणी चालत नाही, आणि कौलांवरून आलेलंही नाही. आभाळातून थेट बरणीत पडलेलं चालतं.

आमच्या गावात एक डॉक्टर होते. त्यांचा दवाखाना चिऱ्याच्या भिंतींचा, खिडक्या लहान. आषाढात मळभ दाटलं की भर दुपारी आत कंदील लावावा लागे. डॉक्टर टाके घालत, डोळ्यातलं कुसळ काढत, गळवं कापत, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी कंदील धरून उभं. धरणाऱ्याचा हात हलला की सावली हलायची. माझ्याबद्दल ऐकल्यावर त्यांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, "मिस्त्री, टेबलावर टांगता येईल असा, न हलणारा, न धुरकटणारा दिवा करून द्याल?"

मी करून दिला. दोन-दोन व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ॲसिडची सहा काचेची भांडी, तीन-तीनच्या दोन ओळींत एका सागवानी पेटीत बसवलेले, शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. सगळे मिळून बारा व्होल्ट. मोटारीचा दिवा, त्याच्यामागे चकचकीत पत्र्याची वाटी. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतःचा तळवा दिव्याखाली धरला आणि उलटासुलटा करून पाहत राहिले.

त्या दिव्याची आणि पेटीची देखभाल कंपौंडरकडे होती. कंपौंडर हेदवीकडचे, पन्नाशीला आलेले, चौदा वर्षं त्याच दवाखान्यात. बारीक अंगाचे, डोक्यावर काळी टोपी, बोलणं कमी. औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी ते अशी चिकटवत की तिची एक कडही वर आलेली नसे. मी त्यांना पेटीची माहिती दिली तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एक, पाणी कुठवर असावं. दोन, काय केलं तर बिघडेल. दुसरा प्रश्न मला त्याआधी कोणीच विचारला नव्हता.

पंधरवड्यातून एकदा हमाल ती पेटी गिरणीवर आणत, मी ती भरून परत पाठवी. असं पुष्कळ दिवस सुरळीत चाललं. मग एका वैशाखात पेटी उतरवताना हमालाच्या हातून निसटली. भांडी वाचली, पण तिसऱ्या आणि चौथ्या सेलला जोडणारी शिशाची पट्टी मोडली. पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट गेली होती, मुंबईहून नवी पट्टी येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मीच ओततो. शिसं वितळवलं, साचा लावला, पट्टी ओतली आणि तापलेल्या लोखंडाने सेलच्या वर आलेल्या शिशाच्या खुंटांना जोडली.

असा सांधा करायचा तर आधी खुंट चहूबाजूंनी खरवडून आतलं चकाकतं शिसं दिसेपर्यंत स्वच्छ करावा लागतो. नाहीतर वरून एकजीव दिसतं आणि आत दोन पदार्थ नुसते शेजारी टेकलेले राहतात. हे मला बोटीवर पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी चौथ्या सेलचा खुंट नीट खरवडला. तिसऱ्याचा पुढून खरवडला, मागच्या बाजूला हात पोचत नव्हता, भांडं थोडं सोडवून घ्यायला हवं होतं. बाहेर हमाल "झालं काय वो?" म्हणून दोनदा विचारून गेला होता. मी भांडं सोडवलं नाही. वरून पट्टी घोटून गुळगुळीत केली. व्होल्टमीटर लावला, बारा दाखवत होता. दिली पाठवून.

त्याच वर्षीच्या आषाढातली गोष्ट. दुपारी जेवून उठत होतो तोच दवाखान्यातून निरोप आला, लगेच या. गेलो तर टेबलावर मांडवीचा एक तांडेल बसलेला, हाताला पट्टी. शिडाच्या दोरात त्याचा पंजा चिरला होता. डॉक्टर टाके घालत असताना पाचव्या-सहाव्या टाक्याला दिवा पिवळा पडला, मग लाल, मग नुसती तार दिसण्यापुरता. पुढचं काम कंदिलावर झालं. डॉक्टर हात धूत होते. ओसरीवरचे सात-आठ रोगी दारातून आत डोकावत होते.

मी पेटी उघडली. दिवा लावून पाहिला, लालच. कंपौंडर माझ्या शेजारी वाकले.

"मिस्त्री, ही मधली पट्टी हाताला ऊन लागते. बाकीच्या गार आहेत."

"बॅटरी चालली की थोडी ऊब येतेच," मी म्हटलं.

सेलचा चार्ज मोजायची काचेची नळी माझ्याकडे होती. ॲसिड वर ओढलं की आत एक छोटा तरंगा असतो, तो किती वर आला त्यावरून सेल भरलेला की रिकामा ते कळतं. ती नळी मी गिरणीवर विसरून आलो होतो. आणायला पाव तास लागला असता, छत्री घेऊन. मी गेलो नाही. दिवा लाल आहे म्हणजे बॅटरी उतरली आहे, ह्यात मोजायचं काय, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी टॉवेलने हात पुसत विचारलं, "काय झालंय?"

"चार्ज संपलाय."

"चार दिवसांपूर्वी तर भरून आणली."

"मग दिवा चालू राहिला असेल. कोणीतरी बटण बंद करायचं विसरलं असेल. दुसरं काय होणार?"

कोणीतरी, असं मी म्हटलं खरं. पण बटणाला हात लावणारा माणूस तिथे एकच होता.

कंपौंडर सरळ उभे राहिले. "मी बटण बंद करतो आणि वर हात लावून पाहतो. रोज."

डॉक्टरांचा पारा चढला होता. एरवी ते मोठ्याने बोलत नसत. तांडेलाच्या हाताचं काम अर्धवट असताना दिवा गेला, त्या भीतीचा राग त्यांना कुठेतरी काढायचा होता, हे मला आज कळतं. ओसरीवरच्या माणसांसमोर ते म्हणाले, "चौदा वर्षं झाली म्हणून काय झालं? एक बटण सांभाळता येत नाही? उद्या कोणाचा डोळा कापत असेन तेव्हा काय करू? औषधांत तरी लक्ष असतं का तुमचं?"

ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. कंपौंडरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीचं झाकण लावत होतो, लावतच राहिलो.

पेटी मी गिरणीवर नेली आणि डायनामोला जोडली. रिकामी बॅटरी भरायला अख्खा दिवस जातो, कधी दीड. ही तासाभरातच उकळल्यासारखी बुडबुडे सोडू लागली. सहाच्या सहा भांडी. भरलेल्या भांड्यात आणखी ओतल्यावर ते उतू जातं, तसं. नऊ वर्षं मी तेच बुडबुडे पाहून सेल भरला की नाही ते सांगत आलो होतो. मी गोणपाटाच्या पडद्याशेजारी उभा राहून ते पाहिलं आणि मला कळलं. अगदी स्पष्ट कळलं असं म्हणणार नाही, पण बॅटरी उतरलेली नव्हती एवढं दिसत होतं. मग मी स्वतःला सांगितलं की डायनामो आज जोरात फिरत असेल, गिरणीवाल्याने पट्टा बदलला असेल. डायनामो बंद केला. पेटी हलवली, पट्ट्या ओढून पाहिल्या, दिवा लावला. दिवा पांढराशुभ्र. ओढाताणीत सांध्याच्या आत कुठेतरी शिशाला शिसं टेकलं असणार. मला तेव्हा एवढंच हवं होतं, दिवा लागला.

संध्याकाळच्या आत बातमी आली. कंपौंडरांनी टेबलावर औषधाच्या कपाटाच्या किल्ल्या ठेवल्या, टोपी नीट केली आणि "येतो" म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी भर पावसात ते हेदवीच्या वाटेला लागले. मला त्याच वेळी डॉक्टरांकडे जाता आलं असतं. दवाखाना गिरणीपासून पाच-सात मिनिटांच्या वाटेवर. मी गेलो नाही. घरी बायकोने विचारलं, "कंपौंडर गेले म्हणे? का हो?" मी म्हटलं, "डॉक्टर बोलले काहीतरी." तेही खोटं नव्हतं.

तांडेलाचा हात बरा झाला, पण मधलं बोट किंचित वाकडं राहिलं. धक्क्यावर भेटला की तो ते बोट मला हसत दाखवी. "बगा मिस्त्री, कंदिलावरची शिवण!" मीही हसायचो.

श्रावण गेला. दवाखान्यात आता डॉक्टरांच्या पत्नीच कामाला उभ्या राहत. नवा माणूस डॉक्टर शोधत होते पण कोणी मनास येत नव्हतं. दिवा दोन वेळा किंचित मंद झाला म्हणून निरोप आला, मी दोन्ही वेळा पट्ट्या ओढल्या, सोड्याच्या पाण्याने पुसल्या, लागला.

भाद्रपदात, गणपती बोळवून आठ-दहा दिवस झाले असतील. बाहेर असं झाकोळलेलं की गिरणीत दोन कंदील लावले होते. डॉक्टरांच्या पत्नी स्वतः छत्री घेऊन गिरणीच्या दारात आल्या. त्या कधी गिरणीत आल्या नव्हत्या.

"मिस्त्री, चला लवकर. भाटे गावची एक बाई आहे, डोळ्यात काथ्याचं कुसळ रुतलंय. औषध घालून डोळा बधिर केलाय आणि दिवा गेला."

ह्या वेळी मी काचेची नळी घेतली, व्होल्टमीटर घेतला, चिमटे लावलेली जाड तांब्याची तार घेतली. रस्त्याने चालताना त्या म्हणाल्या, "बटण मीच बंद करते बरं का. काल केलं तेव्हा हे बाजूलाच होते." बटणाचा दोष नाही हे मला माहीत होतं.

बाई टेबलावर निजली होती, डोळ्यावर ओला कापूस. काथ्या झोडपताना उडालेलं कुसळ. ती म्हणाली, "कोन आलाय? दिवेवालो काय?" डॉक्टर तिच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. "आलाय. तू हलू नकोस बाय." बधिरपणा किती वेळ टिकेल ते सांगता येत नव्हतं, आणि कंदिलावर ते कुसळ दिसत नव्हतं.

मी पेटी उघडली. पहिल्या सेलमध्ये नळी घातली. आतला तरंगा वर आला, भरलेल्याच्या खुणेला. दुसरा, तसाच. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सगळे भरलेले. म्हणजे आत सगळं होतं आणि बाहेर येत नव्हतं. बटण चालू ठेवायला सांगितलं. लाल दिव्याच्या उजेडात प्रत्येक सेलवर व्होल्टमीटर टेकवला. दोन. दोन. दोन. सहाही वेळा दोन. मग पहिल्या आणि शेवटच्या टोकाला लावला. बारा यायला हवेत. पाच.

जहाजावरच्या माझ्या वरच्या माणसाने मला शिकवलं होतं की असं झालं तर सेल सोडून द्यायचे आणि पट्ट्या धरायच्या. जिथे काटा हलू नये तिथे तो हलला की चोर तिथे. पहिल्या पट्टीवर लावला, काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या पट्टीवरही नाही. तिसऱ्या सेलच्या खुंटावर एक टोक आणि पट्टीवर दुसरं, मध्ये बोटभर अंतरही नाही, आणि काटा सातवर गेला.

मी बोट ठेवलं. पट्टी चांगली तापली होती.

कंपौंडर शेजारी वाकून काय म्हणाले होते ते मला तिथे, पट्टीवर बोट असताना, शब्दन् शब्द ऐकू आलं.

तांब्याच्या तारेचा एक चिमटा मी तिसऱ्याच्या खुंटात पार खाली रुतवला, दुसरा चौथ्याच्या खुंटाला. सांधा बाजूला पडला, वाट सरळ झाली. खोली पांढरी झाली. डॉक्टर लगेच वाकले. मी पेटीपाशी बसून दोन्ही चिमटे हातांनी दाबून धरले, निसटतील म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. मग डॉक्टरांचा चिमटा वाटीच्या काठावर टेकल्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, "झालं. बघ बाय, केवढंसं होतं." आणि ती बाई म्हणाली, "मना आता कसा बगायला येयल? डोला बांधलाव ना तुमी." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

ती गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय निघालं?"

मी ती पट्टी सुरीने उचकटून काढली होती. वरून गुळगुळीत, चकचकीत. खालून पाहिलं तर खुंटाच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशीसारखी पूड, आणि पोकळ जागा. मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

"सांधा कच्चा होता. वैशाखात मीच केलेला."

त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली. "म्हणजे त्या दिवशी, तांडेलाच्या वेळी?"

"तेव्हाही हाच. बॅटरी भरलेलीच होती. मी मोजलं नाही. कंपौंडरांनी मला सांगितलं होतं की ही पट्टी गरम लागते. आणि गिरणीवर नेल्यावर मला थोडंफार कळलंही होतं. मी आलो नाही सांगायला."

डॉक्टरांनी पट्टी परत टेबलावर ठेवली. मला वाटलं आता माझ्यावर आवाज चढेल, आणि चढला असता तर बरं वाटलं असतं. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "तुम्ही बटण म्हणालात. औषधांचं मी बोललो. ते तुम्ही नव्हतं सांगितलं मला."

डॉक्टरांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग आता हेदवीला दोघांपैकी जातंय कोण?"

डॉक्टरांनी कंपौंडरांना पत्र लिहिलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही. आश्विनात आगबोटी सुरू झाल्या होत्या. मी डायनामो बंद केला, गिरणीवाल्याला सांगितलं आणि मांडवीहून जयगडची बोट धरली. जयगडहून तरीने खाडी ओलांडली आणि तवसाळहून पुढे कातळाच्या सड्यावरून चालत गेलो. पाऊस सरला होता. सड्यावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं आणि समुद्र एका बाजूला सगळ्या वाटभर दिसत होता. मी वाटेत काय बोलायचं ते तीन-चार वेळा जुळवलं.

कंपौंडरांचं घर पोफळीच्या आगरात. ते कुंपणाच्या गडग्याचे ढासळलेले चिरे परत रचत होते. मला पाहून त्यांनी हात झटकले. आश्चर्य दाखवलं नाही. "या. पाय धुवा." त्यांच्या पत्नीने गूळ-पाणी आणून ठेवलं. कंपौंडरांनी टोपी घातलेली नव्हती, त्यामुळे ते मला निराळेच वाटत होते, थोडे म्हातारे.

जुळवलेलं काही मला बोलता आलं नाही. मी म्हटलं, "बटण तुम्ही बंद केलं होतं."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. खुंट मागून खरवडला नाही इथपासून, बुडबुड्यांचंही.  त्यांच्या पत्नी माजघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझं संपल्यावर त्याच आधी बोलल्या.

"आमच्याकडे लोक विचारतात, दवाखान्यातून काढलं का? औषधात काही चूक झाली का? मी काय सांगू त्यांना?"

"अगो, राहू दे," कंपौंडर म्हणाले.

"राहू दे कसं? त्यांना कळू दे की."

 मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात परत या. त्यांनी पत्र लिहिलंय."

"पत्र पोचलं. चांगलं लिहिलंय. पण पत्र मी एकट्याने वाचलं, मिस्त्री." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "बोलणं मात्र आठ माणसांनी ऐकलं. ती आठ माणसं रत्नागिरीभर आहेत, आणि त्यांतले दोघे इकडचे."

"मग?"

"मग काही नाही. जिथे बोलले तिथेच एकदा बोलावं. मी कामावर येईन की नाही ते वेगळं."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. डोस किती वाजता घ्यायचा ते जसं सांगत तसंच सांगितलं. मी रात्रीच्या मुक्कामाला राहिलो, कुळथाचं पिठलं-भात जेवलो आणि सकाळी परत निघालो. निघताना त्यांनी मला गडग्याचा शेवटचा चिरा उचलायला हात लावायला सांगितला. तो आम्ही दोघांनी बसवला.

कंपौंडरांचं म्हणणं डॉक्टरांना सांगताना मला धास्ती होती. मोठा माणूस, गावात मान. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. येतील तो दिवस कळवायला सांगा."

कंपौंडर कार्तिकात आले, एका शनिवारी, बाजाराचा दिवस. ओसरी भरलेली होती. ते रोग्यांच्या बाकावर टोकाला बसले, पाहुण्यासारखे, मांडीवर छत्री. तांडेलही आला होता, त्याला मीच आणलं होतं. डॉक्टर आतून बाहेर आले, ओसरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "आषाढात मी ह्यांना इथे सगळ्यांसमोर बोललो. दिवा गेला त्यात ह्यांची काही चूक नव्हती. आणि औषधांबद्दल बोललो ते तर सरळ खोटं होतं. चौदा वर्षांत ह्यांच्या हातून एक थेंब कमी-जास्त झालेला नाही." मग ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "सांधा माझा कच्चा होता. मी न मोजता बोललो."  दोन वाक्यं, पण त्याआधी मी कधी इतक्या माणसांसमोर उभा राहून बोललो नव्हतो.

ओसरीवर कोणाला काय करावं कळेना. एक म्हातारी म्हणाली, "आमाला म्हायती होता." तांडेल आपलं बोट पाहत होता. तो मला म्हणाला, "म्हंजे ह्या बोटाची शिवण तुमची व्हय?" मी मान हलवली. त्याने बोट दोनदा वाकवून पाहिलं. "दोर धरायला होतो. जाऊ दे." पण त्यानंतर धक्क्यावर भेटला की त्याने ते बोट मला कधी दाखवलं नाही. हसून बोलायचा, पण बोट दाखवायचा नाही.

चहा झाल्यावर कंपौंडर आत आले. नवी पट्टी मी दोनदा ओतून, भांडी पूर्ण सोडवून बसवली होती. जुनी पट्टी मागून घेऊन त्यांनी नखाने आतली पांढरी पूड खरवडली, वास घेतला, आणि विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी दिवा लावला. थोडा वेळ चालू ठेवून सगळ्या पट्ट्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग बटण बंद केलं आणि वर हात लावून पाहिला.

डॉक्टरांनी किल्ल्या पुढे केल्या. कंपौंडरांनी त्या घेतल्या नाहीत. म्हणाले, आगराला आता माणूस हवा, भाऊ थकलाय, आणि इतकी वर्षं बायको तिकडे एकटी राहिली. डॉक्टरांनी आग्रह एकदाच केला. मग कपाटातून आयोडीन, क्विनाइनच्या गोळ्या, पट्ट्यांचे गुंडाळे असं बरंच काही एका खोक्यात भरून दिलं. हेदवीहून तीस मैल पायपीट करून साध्या जखमेसाठी लोक रत्नागिरीला कशाला येतील, तुम्ही बांधा, काही भारी असेल तर चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवा, असं ठरलं.

मी त्यांना धक्क्यापर्यंत पोचवायला गेलो. खोकं मी धरलं होतं.  सुपारीला ह्या वर्षी कोळेरोग लागला का ते मी विचारलं, थोडा लागलाय म्हणाले. पडावात बसताना त्यांनी खोकं हातात घेतलं आणि म्हणाले, "माघात आमच्याकडे गणपतीचा उत्सव असतो. मंडळींना घेऊन या."

त्या वर्षी जमलं नाही. पुढच्या माघात बायको आणि मी गेलो. घरापुढच्या खळ्यात पाच-सहा माणसं बसली होती, कंपौंडर एका बाईच्या पायाला पट्टी बांधत होते. आम्हाला पाहून त्यांनी मानेनेच बसा म्हटलं, पट्टीचं टोक दुमडून नीट खोचलं आणि मग उठले.